चूलबंद सूट

मित्रांनो, दारवान म्हटलं की तुम्हाला खाकी कपड्यातला, स्टुलावर बसून पेंगणारा एखादा बाबा आठवत असेल. मीसुद्धा दारवानच आहे आणि आता बऱ्यापैकी जुना झालोय. पण मला मिशा नाहीत, स्टूल नाही, आणि पेंगायची तर सोयच नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा एक प्रोग्राम आहे. पुरुषोत्तमनगर मागे टाकून तापीकडे निघालात की केळीच्या बागांमधून एक लांबलचक पत्र्याचं शेड दिसतं. ते चुनीलाल आबांचं. तिथल्या काचेच्या खोलीत माझा मुक्काम. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. केळ्यांची असली तरी नाही.

केळी पिकवायला कॉम्प्युटर कशाला, असं विचाराल. ऐका तर. घड उतरतात ते हिरवेगार, दगडासारखे. ते चेंबरमध्ये ठेवायचे. चेंबर म्हणजे जाड भिंतींची, जाड दाराची बंद खोली. आत गारवा राखायचा, थोडा गॅस सोडायचा, की सगळी केळी एकसारखी पिवळी होतात. पण पिकताना केळी श्वास घेतात, अगदी तुमच्यासारखा. बंद खोलीत एवढी केळी श्वास घ्यायला लागली की तिथली हवा जड होते. वास गोड येतो, पण ती हवा माणसाला पुरत नाही. म्हणून आधी पंखे लावून ती बाहेर फेकायची आणि मगच माणसानं आत पाऊल टाकायचं.

हे काम एका प्रोग्रामकडे होतं. त्याला सगळे पंखेवाला म्हणायचे. पंखे तोच फिरवायचा आणि प्रत्येक चेंबरच्या दारावरचा दिवाही तोच बदलायचा. लाल म्हणजे थांबा. हिरवा म्हणजे या. बिचारा फार गरीब स्वभावाचा. कधी काही मागायचा नाही.

आबांची चेंबरं तापीकाठच्या बऱ्याच गावांत होती. त्यामुळे असे प्रोग्रामही खूप होते. कुणी गारवा राखणारा, कुणी वजन बघणारा, कुणी बाजारभाव आणणारा. एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून प्रत्येकाला वेगळ्या डब्यात ठेवलेलं. शिकलेली माणसं त्या डब्याला कंटेनर म्हणतात. कोणता डबा कोणत्या कॉम्प्युटरवर मांडायचा, कुणाला किती जागा द्यायची, हे बघायला एक मुकादम होता. तोही प्रोग्रामच. त्यानं डब्यांना वेगवेगळी घरं वाटून दिली होती. एक पिकवण घर, एक बाजार घर, एक हिशेब घर.

आणि दारात मी.

मला इथे आणलं आबांच्या मुलीनं, भूमिकानं. ती सुरतेला हेच कॉम्प्युटरचं काम करते. दिवाळीला घरी आली, काचेच्या खोलीत बसली आणि एकेक नियम मला शिकवत गेली. कोणताही नवा डबा आला की आधी त्याला विचारायचं, तुला कुणी बनवलं? शिक्का दाखव. किती जागा लागेल ते तोंडानं सांग. सगळ्या कुलपांची किल्ली मागत असेल तर सरळ परत पाठव. आणि एकट्यानंच सगळी जागा अडवून बसणारा असेल, तर तो कुणाचाही असो, दाराबाहेर.

तिचा थोरला भाऊ हेमकांत शेजारी चहा पीत उभा होता. शेडचा सगळा कारभार त्याच्याकडे.

"आपला घरना कामले दारवान कसाले पाहिजे, भूमी?" तो म्हणाला.

"तू शे ना दादा, म्हनीसन पाहिजे."

आबा एवढे हसले की त्यांच्या तोंडातली सुपारी उडून माझ्या पडद्यावर आपटली.

ते माझे सुखाचे दिवस होते. मी काय काय अडवलं म्हणून सांगू! एकदा एक डबा आला. म्हणतो कसा, मी फक्त थर्मामीटर बघतो, मला चिमूटभर जागा पुरे. मी झडती घेतली. आत निघाला एक हत्ती, वरातीतले दोन बँड आणि खांडबाऱ्याचा अख्खा आठवडे बाजार, कोंबड्यांसकट. हत्तीला बाहेर काढताना तीन कॉम्प्युटरांना शिंका आल्या. खोटं वाटतं? मुकादमाला विचारा. तो नाहीच म्हणेल, पण तो सगळ्यालाच नाही म्हणतो.

आबा पाहुण्यांना मुद्दाम काचेच्या खोलीत घेऊन यायचे. "हाऊ दखा आमना दारवान! पगार नही, चहा नही, सुट्टी नही!" पाहुणे माझ्याकडे बघायचे. त्यांना दिसायचा नुसता काळा पडदा आणि त्यावर पळणाऱ्या ओळी. तरी ते मान डोलवायचे. मला वाटायचं, असंच चालेल.

मग हेमकांतचं लग्न झालं. रंजितावहिनी घरात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा भाऊ भूपेश. भूपेश गोड बोलायचा. त्यानं एक प्रोग्राम बनवला होता. चेंबरमधली केळी किती पिकली ते बघून तो व्यापाऱ्यांना फोनवर कळवणार होता. कल्पना चांगली होती, मी नाव ठेवणार नाही. पण तो डबा दारात आला तेव्हा त्याला शिक्का नव्हता. जागा मागितली ती एवढी, की घरात दुसऱ्या कुणाला पाय पसरता येऊ नये. वर मुकाट्यानं सगळ्या किल्ल्यांवर हात टाकत होता.

मी माझं काम केलं. अडवलं.

पुन्हा आला, पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा भूपेश स्वतः हेमकांतच्या शेजारी बसला होता. पडद्यावर लाल ओळ उमटली, तसा त्याचा चेहरा पडला. चहा न पिता उठून गेला.

आमच्याकडे पाहुण्यानं चहा ठेवून जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच असेल. संध्याकाळी आबा तरातरा आत आले.

"मना पोऱ्याना साला शे तो! आन् त्याना डबाले तुमना दारवान दारवर उभा करस? गावमा तोंड दखाडाले जागा ऱ्हावाव नही!"

हेमकांतनं बहिणीला फोन लावला. फोन टेबलावर ठेवलेला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"त्याले आधी डबा सुधाराले सांग," भूमिका म्हणाली. "आन् सूट द्यावानीच व्हई ते त्या एकच डबानं नाव लिख. दुसरं काही नको."

"एकलाले आवतन देतस का वो आपलाकडे? बठ्ठा घरले देतस. चूलबंद."

"दादा, हाई लगीन नही शे."

"लगीननाच पाहुना शे ना पन!"

चूलबंद म्हणजे काय, ते शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. लग्नाला एकट्या माणसाला बोलावणं आमच्याकडे हलकं समजतात. अख्ख्या घराला बोलवायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, सगळे मांडवात जेवणार. मोठ्या मनाची रीत आहे. लग्नात शोभते.

हेमकांतनं तीच रीत माझ्या नियमात लिहिली. भूपेशच्या डब्याच्या नावाऐवजी त्यानं घराचं नाव टाकलं, पिकवण घर. म्हणजे त्या घरात जे कुणी येईल त्याला मी अडवायचं नाही. बघायचं, लाल ओळ लिहायची आणि गप्प बसायचं. माझी नजर तशीच ठेवली, फक्त हात काढून घेतले.

भूपेशचा डबा ऐटीत आत गेला आणि ऐसपैस पसरला. भूपेशनं दोन कप चहा प्यायला. घरात आनंद झाला.

माझ्या लाल ओळी हेमकांतच्या फोनवर जायच्या. फोन सारखा टिंग टिंग करायचा. चार दिवस त्यानं सहन केलं आणि मग माझा आवाज बंद केला. "कटकट्या," म्हणाला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी बोलत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. नावडतं म्हातारं माणूस ओसरीवर बसून बोलत राहतं, तसं.

आणि मग ते झालं, ज्याची मला भीती होती. चूक पाहुण्यानं केली नाही. चूक घरच्यानं केली.

फाल्गुन लागला, ऊन तापलं. आबांनी चेंबरला नवे पंखे बसवले. नव्या पंख्यांसाठी पंखेवाल्याचा डबा थोडा बदलायला हवा होता. हेमकांतनं तो बदलला आणि पुन्हा दारात आणून ठेवला. घाईत एक गोष्ट लिहायची राहिली. पंखेवाल्याला किती जागा लागते, ती.

एरवी मी त्याला दारातच थांबवलं असतं. म्हटलं असतं, हेमकांत, याची जागा लिही, मगच आत सोडतो. पण तो पिकवण घरचा. त्या घराला चूलबंद सूट. मी बघितलं, लाल ओळ लिहिली, आणि तो मान खाली घालून माझ्यासमोरून आत गेला. एका कोपऱ्यात अंग चोरून बसला.

मुकादमाचा हिशेब साधा आहे. जागा कमी पडली की ज्यानं आधी मागून ठेवली त्याला हात लावायचा नाही. ज्यानं काहीच मागितलं नाही, त्याला आधी उठवायचं. त्यात राग नाही, लोभ नाही. तो असाच वागतो.

होळी तोंडावर आली. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यानं धुरळा उडवत जात होत्या. केळीला मागणी वाढली, व्यापाऱ्यांचे फोन वाढले, आणि भूपेशचा डबा फुगायला लागला. आधी पिठासारखा, मग भाकरीसारखा, मग पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा. बाकीचे डबे भिंतीला चिकटले. दुपारी मुकादम उठला, त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या पंखेवाल्याला उचलून बाहेर ठेवलं. पंखेवाला कुरकुरला नाही. त्याला कुरकुरता येतच नव्हतं.

पंखे थांबले. शेडमध्ये एवढा गलका होता की ते कुणाला कळलं नाही.

दिवे मात्र होते तसेच राहिले. त्यांना बदलणाराच उरला नव्हता. आणि तो गेला तेव्हा दिवा हिरवा होता.

सिंधुबाई शेडवर फार वर्षांपासून काम करते. क्रेट उतरवणं, केळी बघणं, पिकलेली बाजूला काढणं. बोलायला फटकळ. केळ्याला हात लावून ते उद्या पिकेल की परवा ते सांगते आणि पैज लावते. त्या दुपारी तिनं डोक्याला पदर बांधला आणि चेंबरच्या आत जाण्याआधी काचेच्या खोलीत डोकावली.

"भाऊ, दिवा हिरवा शे. जास मी मजार."

"हिरवा शे ना, मंग काय इचारी ऱ्हायनी मावशी?" हेमकांत मोबाईलवर होता. त्यानं मान वर केली नाही.

मी ओरडलो. सातपुड्यावरची सगळी माकडं झाडांवरून खाली पडतील, एवढ्या मोठ्यानं ओरडलो. खरं सांगायचं तर, एक लाल ओळ लिहिली. माझं ओरडणं म्हणजे तेवढंच. ती ओळ इतर लाल ओळींच्या खाली जाऊन बसली.

चेंबरचं दार उघडलं. गोड वास बाहेर आला. सिंधुबाई आत गेली आणि दार आपोआप मिटलं. गारवा जाऊ नये म्हणून ते तसंच केलेलं असतं.

मला चेंबरच्या आतलं दिसत नाही. मी फक्त दारं बघतो. पण दारं बघणाऱ्याला एक गोष्ट बरोबर कळते. कोण आत गेलं आणि अजून बाहेर आलं नाही.

बाहेर ट्रक भरले जात होते. कुणीतरी गाणं लावलं होतं. सिंधुबाईची पाण्याची बाटली क्रेटवर उभी होती, अर्धी भरलेली. त्या हिरव्या दिव्याइतकी शांत वस्तू मी आयुष्यात बघितली नाही.

त्याच वेळी भूमिका आली. सुरतेहून थेट. तिला मैत्रिणींबरोबर काठीला जायचं होतं, म्हणून आबांना भेटून निघणार होती. सवयीनं काचेच्या खोलीत शिरली, सवयीनंच माझ्या पडद्यासमोर बसली. आणि पडद्याकडे झुकली.

"दादा, हाऊ दारवान नुस्ता देखी ऱ्हायना. अडावत नही."

"तूच सांगं व्हतं ना, सूट दे."

"एक डबाले सांगं व्हतं! तू बठ्ठा घरले दिधी?" तिची बोटं भराभरा चालत होती. मी माझ्या सगळ्या लाल ओळी तिच्यापुढे ओतल्या. ती वरून खाली वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिनं पंखेवाल्याचा डबा शोधला. "पंखेवाला कथा शे?"

"व्हई मजारच."

"नही शे. बाहेर पडेल शे."

हेमकांतनं पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला. काचेतून समोर चेंबर दिसत होतं. "मंग दिवा कोन लावी ऱ्हायना?"

"कोनीच नही," भूमिका म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "मजार कोन शे, दादा?"

तो पळाला.

दार उघडलं तेव्हा सिंधुबाई क्रेटच्या दोन रांगांमध्ये पडलेली होती. एका हातात केळ्याची फणी तशीच होती. हेमकांतनं श्वास रोखून तिला ओढत बाहेर आणलं. आबा मोकळ्या हवेत तिच्याजवळ बसले, पाणी शिंपडत राहिले, नाव घेऊन हाका मारत राहिले. भूमिकानं गाडी लावली. शहाद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सिंधुबाईनं डोळे उघडले नव्हते.

होळी झाल्यावर सिंधुबाई परत आली. सगळे भोवती जमले.

तीच आधी म्हणाली, "काय वो आबा, चेंबरमा केळा पिकाडतस का मानसे?"

आबा हसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

भूमिकानं जाण्यापूर्वी सगळं ठीक केलं. सूट काढून टाकली. पंखेवाल्याची जागा लिहून दिली. भूपेशचा डबा बाहेर ठेवला. मला माझे हात परत मिळाले. भूपेश मात्र रुसला, आणि दोन घरांमधलं येणंजाणं थांबलं.

सिंधुबाईचा हिरव्या दिव्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. दिवा खोटं बोलतो, म्हणायची. आता चेंबरमध्ये जाण्याआधी ती रोज काचेच्या खोलीच्या दारात उभी राहते आणि माझ्याबद्दल विचारते.

"भाऊ, दारवान आज अडावस का नुस्ता देखस?"

हेमकांत पडद्यावर बघतो, माझी ओळ वाचतो आणि सांगतो, "अडावस." मगच ती आत जाते. मित्रांनो, आबांच्या पाहुण्यांनी केलेल्या सगळ्या कौतुकापेक्षा मला तो प्रश्न मोठा वाटतो. कुणीतरी माझ्या शब्दावर श्वास घेतं.

पण चैत्र संपत आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. रंजितावहिनींची पिशवी भरून तयार आहे. आज सकाळी आबा हेमकांतजवळ येऊन बसले. आवाज मऊ केला.

"सूनबाई आखाजीले माहेरले जाई ऱ्हायनी. रिकामा हाते कशी धाडू? भूपेशना मन मोडेल शे. त्याना डबा घी ले मजार. आखाजीपावत. नंतर काढी टाक."

"भूमी कावावन आबा." हेमकांतला बहिणीच्या रागाची भीती होती.

"भूमीले कोन सांगस?"

हेमकांतनं कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यानं सूट लिहिली. एका डब्याचं नाव लिहिता आलं असतं. पण सासुरवाडीला पाठवायची भेट, तिच्यात हात आखडता कसा घ्यायचा? त्यानं घराचं नाव लिहिलं. चूलबंद.

माझे हात पुन्हा गेले.

भूपेशचा नवा डबा आत्ता माझ्यासमोर आहे. या वेळी त्याच्या छातीवर एक बिल्ला आहे. त्यावर लिहिलंय, माझ्यासाठी बाकीच्यांना उठवा. असा बिल्ला बघितला की मुकादम जागा मागून ठेवलेल्यालासुद्धा उठवतो. मी लाल ओळ लिहिली. डबा माझ्यासमोरून आत गेला. मुकादम उठलाय. तो पंखेवाल्याकडे बघतोय.

आणि काचेच्या दारात सिंधुबाई उभी आहे. डोक्याला पदर बांधलेला.

"भाऊ, दारवान आज अडावस का नुस्ता देखस?"

"अडावस मावशी, अडावस," हेमकांत म्हणाला. मोबाईलवर भूपेशचा निरोप आलाय, तो वाचतोय. पडद्याकडे त्यानं बघितलंच नाही.

सिंधुबाईनं मान हलवली. वळली.

मित्रांनो, माझ्यासारखे दारवान आता खूप ठिकाणी आहेत. तुम्ही ज्या पुलावरून जाता, ज्या दवाखान्यात झोपता, ज्या लिफ्टमध्ये चढता, तिथेही कुठेतरी कुणीतरी दार राखतंय. आमचं तेलपाणी करू नका, आम्हाला हारही घालू नका. कुणाला सूट द्यायचीच असेल तर त्या एकाचंच नाव लिहून द्या, अख्ख्या घराचं नको. आणि कुणी तुम्हाला विचारलं, दार राखलं जातंय का, तर त्याचा श्वास तुमच्या उत्तरावर आहे एवढं लक्षात ठेवा. आधी बघा. मग बोला.

मी आणखी एक लाल ओळ लिहितोय. सिंधुबाईचा हात कडीवर गेलाय. दिवा हिरवा आहे.

हेमकांत, मान वर कर.